मी फिल्टर कापणार नाही

शेठनी ती डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मैडम, अब सब गाड़ियों में यही लगेगी."

डबी काळ्या प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी, आणि तिच्यातून वायरींचा झुपका बाहेर आलेला. ती विकणारा माणूस शेठच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. गॉगल कपाळावर चढवलेला, बोलण्यात सगळीकडे 'गारंटी' हा शब्द. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मनातल्या मनात त्याला मी डबीवाला म्हणायचे.

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात शेठच्या वर्कशॉपची मॅनेजर होते. शेठचे ट्रेलर इथल्या खाणींतली फर्शी भरून शिवपुरी, गुना करत इंदूरला आणि तिथून पुढे जात. बीएस-सिक्सच्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या, नव्या ट्रकांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करायची व्यवस्था असते. एक फिल्टर काजळी अडवतो, आणि त्याच्या पुढे युरियाचं पाणी फवारून विषारी वायू मारला जातो. ड्रायव्हर त्यांना 'यूरिया वाली गाड़ी' म्हणतात. फिल्टर तुंबला किंवा युरिया संपला की आधी बत्ती लागते, आणि तरी कोणी लक्ष दिलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचा जोरच काढून घेतो. ही डबी त्या कॉम्प्युटरला सांगत राहते की सगळं ठीक आहे. मग सायलेन्सर कापायचा, आतला फिल्टर काढून फेकायचा आणि वरून वेल्डिंग मारायचं. बाहेरून काही कळत नाही.

"मी ही लावणार नाही," मी म्हटलं. हिंदीतच म्हटलं, कारण शेठशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार?

"का?"

"बेकायदा आहे म्हणून. आणि कायदा नसता तरी लावली नसती."

डबीवाला हसला. "दीदी, पूरा हिंदुस्तान लगवा रहा है."

"मग तुम्हाला गिऱ्हाइकांची कमी नाही. इथे कशाला बसलात?"

हे बोलायला मला वेळ लागला नाही, आणि त्याला कारण होतं. इथेच, ग्वाल्हेरच्या माधवगंजात वाढलेली मी शिकायला पुण्याला गेले आणि तिथेच नोकरीला लागले, मोठ्या डिझेल इंजिनांची चाचणी घेणाऱ्या एका ठिकाणी. बंद खोलीत इंजिन बसवायचं, त्याच्यावर ओझं टाकून ते दिवसचे दिवस पळवायचं आणि मागून काय काय बाहेर पडतं ते मोजायचं. तेवढ्याच डिझेलमध्ये थोडं जास्त काम कसं निघेल, काजळी अजून थोडी कशी कमी होईल, यासाठी आम्ही माणसं वर्षानुवर्षं डोकं फोडत होतो. पुण्यातले सहकारी माझ्या हिंदी वळणाच्या मराठीला हसायचे. 'अगं, तू चहा बनवतेस की करतेस?' असं विचारायचे. पण इंजिनाचा आवाज ऐकून बोलायची वेळ आली की मलाच हाक मारायचे. लग्न करून मी परत ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीत आले आणि एका ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये उभी राहिले, तेव्हा माझ्या काकांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आपल्या घराण्यातली माणसं दरबारात बसायची आणि ही ट्रकखाली झोपते. मी त्यांना म्हटलं होतं, झोपत नाही काका, काम करते.

तर शेठनी माझं उत्तर ऐकलं आणि बाहेर हाक मारली, "कक्का! अंदर आओ. इनको बताओ."

कक्का शेठचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. भिंडकडचे, पांढऱ्या मिशांचे, आणि अख्खं ट्रान्सपोर्ट नगर त्यांना कक्काच म्हणायचं. ते आत आले, पण बसले नाहीत.

"शिवपुरीच्या अलीकडे घाट आहे, माहीत आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "त्या घाटाच्या मधोमध गाडीने दम सोडला. मागे बस, बसच्या मागे टँकर, सगळे हॉर्न मारतायत. गाडी माघारी सरकायला लागली. मी उडी मारून चाकांखाली दगड लावले. भर दुपारी झाडाची फांदी घेऊन वळणावर उभा राहिलो, कोणी येऊन धडकू नये म्हणून. एका बत्तीसाठी. मैडमजी, आप तो एसी में बैठी हो."

"एसी नाही, कूलर आहे. त्यातही पाणी कोणी भरत नाही," मी म्हटलं. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. उतारावर माघारी सरकणारा भरलेला ट्रेलर म्हणजे काय, हे मला कळत होतं.

मी शेठकडे वळले. "कक्कांची गाडी पुन्हा पुन्हा तुंबते. तिच्याबरोबर घेतलेली दुसरी गाडी तुंबत नाही. फिल्टर दोन्हीकडे एकच आहे. म्हणजे दोष फिल्टरचा नाही. कक्कांचं इंजिन जास्त काजळी ओकतंय आणि बिचारा फिल्टर ती गिळतोय. ओकतंय का, ते शोधायला हवं."

"शोधलंत की. किती वेळा गाडी उभी केलीत."

"उभ्या गाडीत ते दिसत नाही. मला भरलेल्या गाडीत बसून तो घाट चढायचा आहे."

कक्का म्हणाले, "बाई माणसाला केबिनमध्ये बसवून नेऊ?"

"मी सामान नाही, कक्का. स्वतः चढून बसेन."

शेठना बहुधा त्या क्षणी आम्हा दोघांपासूनही सुटका हवी होती. "जाइए. देख आइए. लौट के डबी लगाइए."

"लौटूँगी. डबी नहीं लगाऊँगी."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेल्या. आयुष्यभर हेडफोन लावून लोकांच्या लाइनी जोडल्या, त्यामुळे घरातही स्पष्ट आणि मोठ्याने बोलायची सवय. म्हणाल्या, "तो शेठ पागल आहे का? एवढी महागाची मशीन कापायची? बिलकुल नको लावूस. आणि जाताना पराठे घेऊन जा, त्या ड्रायव्हरसाठी पण. भुका माणूस जास्त भांडतो." नवरा भोपाळला नोकरीला. त्याला फोनवर कळवलं, तर तो एवढंच म्हणाला, "लॅपटॉपचा चार्जर विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीच्या पायऱ्या चढून केबिनमध्ये बसले. लॅपटॉपची केबल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडली. मागे ट्रेलरवर फर्शी रचलेली. कक्कांनी उदबत्ती लावली आणि माझ्याकडे न बघता गिअर टाकला.

पहिलं भांडण चहाच्या टपरीवर झालं. कक्का इंजिन चालू ठेवूनच उतरले.

"बंद करा ना," मी म्हटलं.

"पुन्हा स्टार्ट करायला जास्त डिझेल जातं."

"नाही जात. ते जुन्या काळचं झालं. आणि उभं इंजिन थंड धूर सोडतं, त्याने फिल्टर भरतो. जाळायला उष्णताच नसते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना गाडी चालवायला शिकवतेय. मग हात आत घालून चावी फिरवली. माझं पटलं म्हणून नव्हे. चहा थंड होत होता म्हणून.

दुसरी गोष्ट पुढच्या रस्त्यावर कळली. डॅशबोर्डवर एक बत्ती लुकलुकली आणि कक्कांनी इतक्या सहज एक बटण दाबलं, जसं आपण अंगावरची माशी उडवतो.

"हे काय केलंत?"

"बत्ती आली की हे दाबायचं. जाते."

मी कपाळाला हात लावला. ती बत्ती म्हणजे फिल्टर स्वतःची साफसफाई सुरू करतोय, थोडं डिझेल खर्च करून आतली काजळी जाळून टाकतोय, याची खूण होती. आणि ते बटण होतं ती साफसफाई थांबवायचं. पंपावर किंवा गवतात उभं असताना आग लागू नये, म्हणून दिलेलं. कक्का ते दर वेळी दाबत होते.

"कोणी सांगितलं दाबायला?"

"कोणी नाही सांगितलं. न दाबायलाही कोणी नाही सांगितलं." त्यांचा आवाज चढला. "गाडी दिली, चावी दिली, बोनटला हार घातला, पेढे वाटले. कोणी बसून सांगितलं का, ही बत्ती काय, ती बत्ती काय? सगळं अंग्रेजीत लिहिलंय. सायलेन्सर तापला, जळका वास आला. मी घाबरलो. मी बटण दाबलं."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही पुण्यात त्या बंद खोलीत सगळ्याचा विचार केला होता, थंडीचा, उन्हाचा, उंचीचा. केबिनमध्ये कोण बसणार आहे आणि त्याला हे कोण सांगणार आहे, याचा विचार आमच्या टेबलावर कधी आला नव्हता.

घाट सुरू झाला आणि मी लॅपटॉपवर डोळे लावले. इंजिनात हवा दाबून भरायला टर्बो असतो. किती हवा मागितली आणि किती मिळाली, याच्या दोन रेघा पडद्यावर चालत होत्या. सपाटीवर दोन्ही एकमेकींना चिकटून होत्या. चढ वाढला, कक्कांनी पाय दाबला, आणि मिळणाऱ्या हवेची रेघ खाली बसली. हवा कमी, डिझेल तेवढंच. मग डिझेल पुरतं जळणार कसं? काजळीच होणार.

"कक्का, पुढे देवळाजवळ जागा आहे, तिथे घ्या."

"घाटात थांबवू? पुन्हा उचलेल का?"

"उचलेल. आणि नाही उचलली तर या वेळी फांदी घेऊन मी उभी राहीन."

ते हसले नाहीत, पण गाडी बाजूला घेतली. आम्ही केबिन पुढे उलटून इंजिन उघडं केलं. थोडं निवू दिलं. हवेचा जाड रबरी पाइप वरून धडधाकट दिसत होता, वर्कशॉपमध्येही दिसला होता. मी खालून हात घातला. बोटांना तेलकट काळं लागलं. पाइपाच्या टोकाला, क्लॅम्पच्या अगदी लगत, रबर फाटलं होतं. गाडी उभी असताना ती चीर ओठांसारखी मिटायची. ओझं आलं, हवेचा दाब वाढला की उघडायची आणि निम्मी हवा बाहेर टाकायची.

"बघा," मी कक्कांचा हात धरून त्या चिरेवर नेला. त्यांनी दाबून बघितलं, सोडून बघितलं.

"यही थी?"

"यही."

पाइप पुरेसा लांब होता. मी फाटलेलं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला, कक्कांनी क्लॅम्प आवळला. मग बाकी राहिली फिल्टरची सफाई. देवळापुढची जागा सिमेंटची होती, सुकं गवत नव्हतं. मी सायलेन्सरचं तोंड मोकळ्या बाजूला येईल अशी गाडी लावायला सांगितली आणि लॅपटॉपवरून सफाई सुरू केली. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, मागून गरम हवेचा लोट निघाला. शेजारी चहाचं दुकान चालवणारी बाई धावत आली.

"आग लगाओगी क्या? मेरा छप्पर है यहाँ!"

"नाही लागणार, मी इथेच उभी आहे."

"तुम कौन हो?"

मी तोंड उघडायच्या आत कक्का म्हणाले, "मिस्त्री हैं. हमारी." मॅडम नाही म्हणाले. पुण्यातल्या माझ्या कुठल्याच हुद्द्याने मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

सफाई संपली. आम्ही निघालो. कक्कांनी पहिल्या वळणावर सवयीने गिअर खाली आणायला हात नेला आणि तसाच ठेवला, कारण गाडी खेचत होती. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "चढ़ गई," एवढंच म्हणाले. मग पराठे कुठे आहेत ते विचारलं.

मी शिवपुरीहून बसने परत आले, कक्का पुढे इंदूरला गेले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि पायाखाली काहीतरी करकरलं. शेडभर राखी-पांढरे तुकडे पडले होते, फुटलेल्या कुंडीसारखे. मी एक उचलला. आत अगदी बारीक चौकोनी भोकांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. कापलेल्या फिल्टरची. मी घाट चढत होते तेवढ्या वेळात डबीवाल्याने गॅस कटर घेऊन शेडमधल्या बाकीच्या सगळ्या गाड्या कापून टाकल्या होत्या.

शेठ आपल्या ऑफिसच्या केबिनमध्ये होते. मी तो तुकडा त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला.

"तुमची एक गाडी सोडली ना?" ते म्हणाले. "कक्काची. खुश?"

"बाकीच्यांचे फिल्टर परत बसवा."

"मैडम, कापलेल्या गाड्या मायलेज थोडं जास्त देतात. युरियाचा खर्च नाही. बत्तीची कटकट नाही. सांगा, मी खोटं बोलतोय का?"

इथे मला सोपं उत्तर देता आलं असतं. लोकांना तेच ऐकायला आवडतं की वाईट काम केलं की मालकाचं नुकसान होतंच. पण मी इंजिनांवर काम केलंय, इंजिनांबद्दल खोटं बोलत नाही.

"नाही," मी म्हटलं. "बऱ्याचदा देतात. मला माहीत आहे. हवेचा पाइप नीट असला, चाकांत हवा बरोबर असली, उभं इंजिन बंद केलं, तर न कापता त्याहून जास्त मिळतं. पण ते बाजूला ठेवा. समजा नाही मिळत. समजा कापण्यातच फायदा आहे. तरी मी कापणार नाही. तुमची गाडी या शहरातून जाते. शाळेसमोरून जाते. तुमचा फायदा त्या मुलांच्या छातीतून निघतो, आणि तो काढायचा हक्क ना तुम्हाला आहे, ना मला."

शेठनी तो तुकडा बाजूला सारला. वाईट माणूस नव्हता. माझ्या बाबांच्या आजारपणात स्वतः गाडी पाठवली होती. पण आता दारात जमलेल्या त्यांच्याच नोकरांसमोर एक बाई त्यांना सुनावत होती.

"तो फिर कल से मत आइए."

"कल से क्यों? आज से."

मी माझी पान्यांची पेटी आणि लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले.

काही आठवड्यांनी त्याच ट्रान्सपोर्ट नगरात, मागच्या गल्लीत, मी पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. बाहेर पाटी लावली: 'यहाँ फ़िल्टर नहीं काटा जाता.' पहिल्याच आठवड्यात कोणीतरी 'नहीं'वर ग्रीस फासलं. मला कळायच्या आत दोन ट्रकवाले फिल्टर कापून घ्यायला येऊन उभे. मी पाटी पुसली. पुन्हा ग्रीस. मग मी 'नहीं' तेवढा लोखंडी पट्टीचा बनवला आणि वेल्डिंगने पाटीवर बसवला. सासूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "आता ठीक. आता तोडायला पण कटर लागेल." गंमत म्हणजे त्या चुकून आलेल्या ट्रकवाल्यांतला एक थांबला. कापत नाही तर मग काय करता, असं त्याने विचारलं. मी त्याच्या गाडीची हवेची गळती शोधून दिली. तो माझं पहिलं गिऱ्हाईक. दुसरा शिव्या देत गेला.

शेठनी माझ्याकडे एकही गाडी पाठवायची नाही असं सगळ्यांना सांगितलं होतं. आणि मग एके सकाळी कक्कांचा ट्रेलर माझ्या गल्लीत वळताना दिसला. गल्ली अरुंद, वळवायला त्यांना बराच घाम गाळावा लागला. उतरले आणि म्हणाले, "सर्विस."

"शेठना माहीत आहे?"

"मी सांगून आलोय." मग बाजेवर बसून त्यांनी काय झालं ते सांगितलं. त्यांची गाडी दुसऱ्याला देऊन शेठनी त्यांना काही फेऱ्यांसाठी एक कापलेली गाडी दिली होती. थंडीत मंडीच्या बाहेर रांगेत उभं राहायचं, पुढे-मागे सगळ्यांची इंजिनं चालू, आपल्या कापलेल्या गाडीचंही, काचा बंद, आत झोपायचं. सकाळी उठले तर डोकं फुटतंय, डोळ्यांत आग, घशात कडू. "ड्रायव्हरचं घर म्हणजे केबिन, बिटिया. उस गाड़ी में सोया नहीं जाता. मी शेठना म्हटलं, माझी गाडी परत द्या, तिला कापू नका, आणि सर्विसला ती मैडमकडेच जाईल. नाहीतर माझ्या वयाच्या माणसाला दुसरीकडेही काम मिळतं."

मी त्यांना त्या घाटात जे जे समजावत होते, त्यातलं काहीच कामी आलं नव्हतं. त्यांना जे कळलं ते त्यांच्या स्वतःच्या घशाने सांगितलं.

दुपारी शेठचा फोन आला. "मैडम, वो एक ही गाड़ी आएगी. बाकी का सोचिए मत."

"एक तर एक," मी म्हटलं. "पण कापलेली एकही घेणार नाही, फिल्टर परत बसवायला आणलीत तरच घेईन."

त्यांनी अजून आणलेली नाही. बाकीच्या गाड्या तशाच फिरतायत, आणि सकाळी मी स्कूटरवरून येताना त्यातली एखादी पुढे असली तर मला वासावरून कळतं. मला संताप येतो. तो यावा असंच मला वाटतं.

पण गप्प मी बसलेले नाही. रविवारी सकाळी शेड बंद असते, तेव्हा मी ड्रायव्हरांना बोलावते. जो येईल तो. एका गाडीचं केबिन उघडून बसवते आणि कुठली बत्ती कशाची ते हिंदीत सांगते. इंजिन कधी बंद करायचं, बटण कधी दाबायचं आणि कधी हात लावायचा नाही. भेसळीचं युरिया कसं ओळखायचं. कक्का असले की मला बोलू देत नाहीत, स्वतःच सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीतला घाट दर वेळी थोडा जास्त उभा होतो.

मागच्या रविवारी मालकांच्या युनियनचे एक पदाधिकारी मोटारीतून आले. खाली उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "मैडम, सुना है आप ड्राइवरों को भड़का रही हैं."

केबिनमध्ये आणि पायऱ्यांवर मिळून बरेच जण बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हो," मी म्हटलं, मराठीतच निघालं तोंडातून, मग हिंदीत सांगितलं. "भड़का रही हूँ. आपके ड्राइवर भी भेज दीजिए."

काच वर गेली. पायरीवरच्या एकाने विचारलं की उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली तर डिझेल वाचतं का. मी म्हटलं, नाही, उलट, आणि का ते सांगायला पुन्हा केबिनमध्ये चढले.